ऑर्डर मी केली, मग ठगाला तिची माहिती कुठून मिळाली?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही एका ऑनलाइन दुकानातून पहिल्यांदाच खरेदी केली आणि हेडफोन मागवले. तिसऱ्या दिवशी फोनवर संदेश आला की पत्ता अपूर्ण असल्यामुळे पार्सल अडकले आहे, किरकोळ शुल्क भरून पत्ता निश्चित करा. संदेशात तुमचे पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि वस्तूचे नाव होते, म्हणून तो खरा वाटला. तुम्ही लिंक उघडून कार्डाचा तपशील भरलात, ओटीपी मागितल्यावर शंका आली आणि पान बंद केलेत. दुसऱ्या दिवशी हेडफोन व्यवस्थित घरी आले. आता तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की तुमचा फोन हॅक झाला आहे, की दुकानाने तुमची माहिती विकली.

कारणांकडे वळण्याआधी एक काम हे वाचून होताच करा. बँकेला कळवून ते कार्ड बंद करा आणि नवे मागवा. ‘ओटीपी दिला नाही, म्हणजे काही गेले नाही’ असे तुम्ही म्हटले आहे, पण ते बरोबर नाही. अशा बनावट पानांपैकी बरीच पाने तुम्ही शेवटचे बटण दाबण्याची वाट पाहत नाहीत. रकान्यात तुम्ही टाइप करत असलेला प्रत्येक अंक त्याच क्षणी पलीकडे बसलेल्या माणसाच्या पडद्यावर उमटत असतो. शिवाय तो ओटीपी त्या किरकोळ शुल्कासाठी होता असेही गृहीत धरू नका. अलीकडच्या टोळ्या हाती आलेले कार्ड स्वतःच्या फोनमधील डिजिटल वॉलेटमध्ये जोडू लागतात आणि ते जोडण्यासाठी बँक जो ओटीपी पाठवते तोच तुमच्याकडून काढून घेतात. एकदा कार्ड तिथे जोडले गेले की पुढच्या अनेक व्यवहारांना तुमच्या ओटीपीची गरजच उरत नाही. बँकेच्या संदेशात ओटीपी कशासाठी आहे हे बहुधा लिहिलेले असते. तो संदेश अजून फोनमध्ये असेल तर शांतपणे पुन्हा वाचा आणि बँकेशी बोलताना त्यातील शब्द जसेच्या तसे सांगा.

आता मूळ प्रश्न. ऑनलाइन दुकानांमधील माहितीगळतीचा तपास करण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि असा अनुभव आलेली माणसे बहुतेक वेळा तुम्ही मांडलेल्या याच दोन शक्यता घेऊन येतात. दोन्ही घडू शकतात. मात्र मी पाहिलेल्या बहुसंख्य प्रकरणांत माहिती ग्राहकाच्या फोनमधून गेलेली नव्हती आणि दुकानाच्या मालकानेही ती विकलेली नव्हती. ती या दोन टोकांमधल्या एका लांबलचक साखळीतून बाहेर पडली होती, आणि अशी साखळी असते हेच ग्राहकाला ठाऊक नसते.

एका ऑर्डरचा प्रवास पाहा. तुम्ही खरेदीचे बटण दाबता ते संकेतस्थळ अनेकदा दुकानाने स्वतः उभारलेले नसते. ते एखाद्या मोठ्या कंपनीच्या तयार व्यवस्थेवर भाड्याने चालत असते. पैसे घेण्याचे काम पेमेंट गेटवे करतो. ऑर्डर मिळाल्याचा ईमेल तिसरीच कंपनी पाठवते, फोनवरचा संदेश चौथी. गोदाम आणखी कोणाचे तरी असते, पार्सलवरचे लेबल छापणारे सॉफ्टवेअर वेगळ्याच कंपनीचे, आणि दारापर्यंत येणारा माणूस पुष्कळदा कुरिअर कंपनीच्याही कंत्राटदाराचा असतो. यात ग्राहकसेवेचे कॉल सेंटर, परत आलेल्या वस्तू हाताळणारे ॲप आणि वस्तू कशी वाटली हे विचारणारे ॲप मिळवा. या प्रत्येकाकडे तुमच्या माहितीचा एक तुकडा असतो, आणि कोणाचेही दोन तुकडे सहसा एकसारखे नसतात. पेमेंट गेटवेकडे कार्ड असते, पण तुम्ही हेडफोन घेतले की पुस्तक हे त्याला बहुधा कळत नाही. कुरिअरकडे नाव, पत्ता आणि फोन असतो. वस्तूचे नाव असेलच असे नाही. कार्डाचा पूर्ण क्रमांक सुनियंत्रित दुकानाकडे असत नाही, आणि कार्डामागचा तीन अंकी सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यानंतर साठवण्यास कार्ड उद्योगाच्या ‘पीसीआय डीएसएस’ या सुरक्षा मानकाने मनाईच केलेली आहे.

म्हणून मी ‘हॅक झाला का’ हा प्रश्न सर्वात शेवटी विचारतो. आधी मला हे हवे असते की ठगाला नेमके काय माहीत होते, काय माहीत नव्हते, आणि ते किती ताजे होते. त्याच्या हातातला तुकडा साखळीतल्या ज्या कडीशी जुळतो, तिथूनच शोध सुरू करायचा.

तुमच्या ठगाला नाव, पत्ता, फोन क्रमांक आणि वस्तू माहीत होती. कार्ड माहीत नव्हते, कारण तेच मिळवण्यासाठी त्याने एवढा खटाटोप केला. आणि माहिती फार तर तीन दिवसांची होती. एवढ्यावरूनच काही शक्यता बाजूला सारता येतात.

पहिली म्हणजे निव्वळ अंधारात मारलेला दगड. ‘तुमचे पार्सल अडकले आहे’ हा मजकूर लाखो क्रमांकांवर पाठवला, तर त्यातल्या अनेकांचे कुठले ना कुठले पार्सल त्या दिवशी वाटेत असतेच, आणि त्यांना तो संदेश आपल्यासाठीच आला आहे असे वाटते. यासाठी चोरीच्या माहितीची गरजच नसते. फोन क्रमांक ओळीने तयार करता येतात. बहुतेक पार्सल-संदेश या प्रकारचे असतात. तुमचा तसा नव्हता, कारण त्यात वस्तूचे नाव होते.

दुसरी शक्यता जुन्या गळतीची. २०१४ मध्ये ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाच्या सुमारे १४ कोटी ५० लाख वापरकर्त्यांची नावे, ईमेल, पत्ते आणि फोन क्रमांक असलेला साठा हल्लेखोरांच्या हाती लागला होता. जानेवारी २०२३ मध्ये जेडी स्पोर्ट्स या विक्रेत्याने जाहीर केले की सुमारे १ कोटी ग्राहकांची माहिती उघडी पडली असावी, आणि त्यात पत्ते, फोन, ऑर्डरचा तपशील आणि कार्डाचे शेवटचे चार अंकही होते. त्या ऑर्डर मात्र नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०२० या काळातल्या होत्या. जुन्या साठ्यात ऑर्डरचा तपशील असला तरी तो जुन्या ऑर्डरचाच असतो. तीन दिवसांपूर्वीचे हेडफोन त्यात सापडणार नाहीत. तरीही हे साठे निरुपद्रवी समजू नका. एका गळतीतले नाव, दुसरीतला पत्ता आणि तिसरीतला फोन ईमेलच्या धाग्याने जोडून एका माणसाची बऱ्यापैकी पूर्ण नोंद तयार करणे हा त्या बाजारातला नेहमीचा उद्योग आहे. तुमचा ईमेल कुठल्या उघड झालेल्या गळतीत आहे का, हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

इथे एक उपप्रकारही सांगतो, कारण त्याने जाणती माणसेही फसतात. ठग फोनवर म्हणतो, ‘तुमचे कार्ड ४ने सुरू होते ना?’ आणि ऐकणाऱ्याला वाटते की याच्याकडे माझे कार्ड आहे. व्हिसाचे प्रत्येक कार्ड ४ने सुरू होते. मास्टरकार्ड ५ किंवा २ने सुरू होते. सुरुवातीचे अंक कार्ड देणारी बँक दाखवतात, ते तुमची ओळख पटवत नाहीत. आणि शेवटचे चार अंक तर पावत्यांवर व ईमेलमध्ये छापलेलेच असतात.

आता तिसरी आणि मला सर्वात महत्त्वाची वाटणारी शक्यता: साखळीतली कडी. या प्रकारची सार्वजनिक नोंद असलेली दोन-तीन उदाहरणे मी नवीन सहकाऱ्यांना आवर्जून वाचायला देतो. २०११ मध्ये एप्सिलॉन या, इतर कंपन्यांच्या वतीने ईमेल पाठवणाऱ्या कंपनीतून अनेक नामांकित दुकानांच्या व बँकांच्या ग्राहकांची नावे आणि ईमेल चोरीला गेले. त्या ग्राहकांपैकी कितीतरी जणांनी एप्सिलॉनचे नावही कधी ऐकलेले नव्हते. २०२० मध्ये दुकानांना तयार संकेतस्थळाची व्यवस्था भाड्याने देणाऱ्या शॉपिफाय कंपनीने सांगितले की त्यांच्याच सहाय्य विभागातील दोन कर्मचाऱ्यांनी २०० पेक्षा कमी दुकानांच्या ग्राहक-नोंदी मिळवण्याचा प्रयत्न केला होता. तिथे कोणी बाहेरून कुलूप फोडले नव्हते, किल्ली असलेल्या माणसांनीच दार उघडले होते. त्याच वर्षी क्रिप्टो साठवण्याची उपकरणे विकणाऱ्या लेजर कंपनीच्या विक्री आणि विपणनाच्या नोंदी चोरल्या गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये त्या खुल्या झाल्या तेव्हा त्यात सुमारे १० लाख ईमेल आणि सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, घरचे पत्ते व फोन क्रमांक होते. उपकरणांमधले पैसे सुरक्षित होते, पण ठगांना ती यादीच पुरेशी होती: कोण काय विकत घेतो, कुठे राहतो, आणि कोणत्या नावाने संदेश पाठवला तर तो घाबरेल. काही ग्राहकांना तर पुढे टपालाने बनावट उपकरणेही आली.

माझ्या स्वतःच्या कामातले एक प्रकरण सांगतो, कारण ते तुमच्या प्रकरणाशी जवळचे आहे. एका मध्यम आकाराच्या दुकानाच्या ग्राहकांना अगदी तुमच्यासारखे संदेश येऊ लागले होते. मालकाची झोप उडाली होती आणि त्याच्या तंत्रज्ञांनी संकेतस्थळाची दोन आठवडे तपासणी करूनही काही हाती लागले नव्हते. मी तक्रार केलेल्या ग्राहकांच्या ऑर्डर एका बाजूला आणि तक्रार न केलेल्यांच्या दुसऱ्या बाजूला मांडल्या. पाठवण्याआधीच रद्द झालेल्या ऑर्डरपैकी एकाही ग्राहकाला संदेश आलेला नव्हता. म्हणजे माहिती संकेतस्थळातून जात नव्हती. संकेतस्थळाला तर रद्द झालेल्या ऑर्डरही माहीत होत्या. दुसरी खूण पत्त्यांत सापडली. बनावट संदेशांमधले लांब पत्ते एका ठराविक अक्षरानंतर मधेच तुटत होते, आणि नेमके त्याच ठिकाणी ते पार्सलवरच्या लेबलांवरही तुटत होते, कारण लेबल छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या रकान्याची लांबी मर्यादित होती. गोदामातल्या सगळ्या पाळ्या त्या सॉफ्टवेअरसाठी एकच लॉगिन वापरत होत्या, आणि नोकरी सोडून गेलेल्यांनाही तो पासवर्ड ठाऊक होता. पासवर्ड बदलला, प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन दिले, आणि संदेश थांबले. त्या दुकानाने आपल्या ग्राहकांची माहिती विकली नव्हती, पण तिच्याकडे पुरेसे लक्षही दिले नव्हते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने परिणाम तोच झाला. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो यायलाच हवा असे वाटते.

याच वर्गातला आणखी एक दोष वारंवार दिसतो. पार्सल कुठे पोहोचले हे दाखवणाऱ्या पानाच्या लिंकमध्ये ऑर्डरचा क्रमांक असतो, आणि तो एकाने वाढवला की पुढच्या ग्राहकाचे पान उघडते, नाव-पत्त्यासकट. हे करायला कौशल्य लागत नाही. एक छोटा प्रोग्राम रात्रभरात हजारो पाने उतरवून घेतो.

आता तुमच्या बाजूच्या शक्यता. तुमच्या ईमेलच्या खात्यात कोणी शिरले असेल, तर ऑर्डरची पुष्टी करणाऱ्या एकाच ईमेलमध्ये त्याला नाव, पत्ता आणि वस्तू एकत्र मिळते. म्हणून तो ईमेल उघडून त्यात तुमचा फोन क्रमांक आहे का ते पाहा. नसेल, तर ठगाला तो दुसरीकडून मिळवावा लागला असता आणि ही शक्यता थोडी कमी होते. तरीही ईमेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, आलेले ईमेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला नाही ना, हे तपासा. पासवर्ड बदलल्यावरही असा नियम चालूच राहतो, आणि तो बघायचे लोक विसरतात. दुकानात खाते उघडताना तुम्ही जुनाच, इतरत्र वापरलेला पासवर्ड दिला असेल, तर जुन्या गळतीतल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या यंत्राने दुकानामागून दुकानात वापरून पाहणारे लोक तिथे पोहोचू शकतात, आणि खाते उघडले की ऑर्डरची यादी समोरच असते. संगणकातील ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा उचलून नेणारे घातक सॉफ्टवेअरही असते. त्यापैकी ‘रेडलाइन’ या कुप्रसिद्ध प्रकाराची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून उद्ध्वस्त केली, पण त्या जातीची इतर सॉफ्टवेअरे आहेतच. तुम्ही फुकटातली, कुलूप तोडलेली सॉफ्टवेअरे संगणकावर घेत असाल तर हा मुद्दा गांभीर्याने घ्या. फोन हॅक होण्याची भीती मात्र मी इथे खाली ठेवीन. फोनवर ताबा असलेल्या माणसाने ओटीपी थेट वाचला असता. तो तुमच्याकडे मागितला नसता.

दोन प्रकार थोडक्यात नोंदवतो, कारण ते तुम्हाला लागू दिसत नाहीत. एक म्हणजे दुकानच बनावट असणे; तुम्हाला वस्तू मिळाली आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटतो. दुसरा म्हणजे खऱ्या दुकानाच्या पैसे भरण्याच्या पानावर चोरटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, घुसवणे. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर असे घडले. अवघ्या २२ ओळींच्या स्क्रिप्टने ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात लाखो ग्राहकांच्या कार्डाचे तपशील टाइप होत असतानाच पळवले, आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. अशा चोरीत सीव्हीव्हीसकट सगळे आधीच हाती येते. तुमच्या ठगाकडे कार्ड नव्हते, म्हणून ही वाट इथे जुळत नाही.

आणि एक गोष्ट तुम्हालाच आठवावी लागेल. ऑर्डर केल्यापासून तुम्ही दुकानाच्या किंवा कुरिअरच्या समाजमाध्यमांवरील पानाखाली ‘माझे हेडफोन अजून आले नाहीत’ असे लिहिले होते का, किंवा शोधयंत्रात ग्राहकसेवेचा क्रमांक शोधून त्यावर फोन केला होता का? तक्रारीच्या शब्दांवर पाळत ठेवून काही मिनिटांत ‘ग्राहकसेवा’ नावाच्या बनावट खात्यातून उत्तर देणाऱ्या टोळ्या आहेत, आणि शोधाच्या निकालात वर दिसावेत म्हणून पैसे मोजून लावलेले खोटे क्रमांकही आहेत. अशा वेळी नाव, पत्ता आणि ऑर्डर आपणच सांगून बसतो. यात तुमची चूक काढण्याचा माझा मुळीच हेतू नाही. अडचणीत असलेला माणूस मदत मागतो आणि ठग नेमका तिथेच उभा असतो.

हे सगळे पाहता माझा कल साखळीतल्या कडीकडे आहे, आणि त्यातही गोदाम, लेबल किंवा संदेश पाठवणारी व्यवस्था यांच्याकडे. अर्थात तुम्ही कुठला पासवर्ड वापरला आणि कुणाशी बोललात यावर हा अंदाज बदलू शकतो. दुकानाला लेखी कळवा. संदेशाचा स्क्रीनशॉट, तो आल्याची वेळ आणि ऑर्डर क्रमांक द्या, आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा: त्या वेळेपर्यंत पार्सल गोदामातून बाहेर पडले होते का, माझा फोन क्रमांक आणि वस्तूचे नाव दोन्ही ज्यांना एकत्र दिसते अशा कंपन्या कोणत्या, आणि इतर ग्राहकांच्या अशाच तक्रारी आल्या आहेत का. ‘आमची यंत्रणा पूर्ण सुरक्षित आहे’ एवढेच उत्तर आले तर त्यावर समाधान मानू नका, पुन्हा विचारा. यापुढे प्रत्येक दुकानासाठी ईमेलचे थोडे वेगळे रूप वापरा. अनेक ईमेल सेवांमध्ये आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि एक शब्द जोडला तरी ईमेल आपल्यालाच येतो. मग फसवा ईमेल कुठल्या रूपावर आला त्यावरून गळती कुठली ते बऱ्याच अंशी कळते.

ठगाच्या संदेशातला पत्ता, तुम्ही दुकानात भरलेला पत्ता आणि खोक्यावरच्या लेबलचा पत्ता हे तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. खोके अजून टाकले नसेल तर टाकू नका. पत्ता इथे लिहू नका. फक्त एवढे सांगा की ठगाच्या संदेशातला पत्ता कुठे तुटला आहे का, त्यातल्या ओळींचा क्रम आणि शब्दांची संक्षिप्त रूपे तुमच्या मूळ पत्त्याशी जुळतात की लेबलशी. त्यावरून पुढचे मला बरेच नेमके सांगता येईल.